ओझे पाठीवरचे, हसू ओठांवरचे

मुलांनी अवांतर वाचावे असे सगळेच आईबाप म्हणतात. पण काय वाचावे आणि वाचलेले मुलांच्या मनात कसे रुजवावे, याची चर्चा आपल्या घरांत फारशी होत नाही. म्हणून या सदरातून आम्ही अधूनमधून एखादे पुस्तक निवडतो आणि ते घरी, शाळेत किंवा विहारातल्या अभ्यासिकेत कसे शिकवता येईल ते मांडतो. या वेळचे पुस्तक थोडे लांबचे आहे. लेखक अमेरिकेचा, वाट अमेरिकेची, रानही अमेरिकेचे. पण पिशोरला आठवी ते बारावीच्या मुलामुलींपुढे आम्ही ते सहा रविवार मांडले आणि शेवटी ते कन्नड तालुक्याचेच पुस्तक वाटू लागले. कसे, ते सांगतो.

पुस्तकाचे नाव ‘अ वॉक इन द वूड्स’. म्हणजे रानातला फेरफटका. लेखक बिल ब्रायसन. प्रसिद्ध झाले १९९८ साली. अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन नावाची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावरून दक्षिणेच्या जॉर्जिया राज्यापासून उत्तरेच्या मेन राज्यापर्यंत एक पायवाट जाते. लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, वाटेत चौदा राज्ये. ही वाट सरकारी रस्त्यासारखी ठेकेदाराने बांधलेली नाही. बेंटन मॅके नावाच्या माणसाने १९२१ साली तिची कल्पना मांडली, चालणाऱ्या हौशी मंडळींनी झाडांवर खुणा करीत ती आखली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. आजही तिची डागडुजी मुख्यतः स्वयंसेवकच करतात. सुट्टीच्या दिवशी माणसे फावडे-कुऱ्हाड घेऊन जातात आणि पडलेली झाडे बाजूला करून वाट मोकळी करतात. विहाराच्या श्रमदानासारखेच हे काम. आपल्या लोकांना ते नवे नाही.

ब्रायसन वीसेक वर्षे इंग्लंडात राहून १९९५ साली मायदेशी परतला. घराजवळूनच ही वाट जाते असे कळल्यावर त्याच्या मनात आले की आपणही ती चालून बघावी. वय चाळिशीच्या पुढे, चालायची सवय बेताचीच. सोबतीला कोणी तयार होईना. शेवटी कॅट्झ नावाने पुस्तकात येणारा एक जुना मित्र तयार झाला. हा गडी अंगाने जाड, दम लागणारा आणि एके काळी दारूच्या आहारी गेलेला. मार्च १९९६ मध्ये ही जोडी निघाली आणि तिची जी फजिती झाली, तीच हे पुस्तक.

पुस्तक इंग्रजीत आहे. मुलांना ते थेट वाचून दाखविले तर निम्मे डोळे खिडकीबाहेर जातील. म्हणून आम्ही अशी पद्धत ठेवली : एका रविवारी एक प्रसंग मराठीतून रंगवून सांगायचा, मग त्याच प्रसंगातली पाच-सहा इंग्रजी वाक्ये फळ्यावर लिहायची. गोष्ट आधीच कळलेली असली की इंग्रजी शब्दांची भीती निम्म्याने कमी होते. विनोदाचा आणखी एक फायदा असतो. मुलगा हसला म्हणजे त्याला कळले, त्याला वेगळा प्रश्न विचारावा लागत नाही.

पहिल्याच रविवारी मात्र हसू लेखकामुळे आले नाही. एका मुलीने विचारले, “त्याला एसटी मिळत नव्हती का?”

वर्ग हसला, पण प्रश्न खरा होता. आपल्या घरांत चालणे म्हणजे नाइलाज. एसटी चुकली, भाड्याला पैसे नाहीत, रस्ताच नाही, म्हणून माणूस चालतो. पैसे खर्चून, नवे बूट घेऊन, मुद्दाम महिनोन्‌महिने चालणारा माणूस मुलांना खुळाच वाटला. हे पुस्तक शिकवायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. मुलांना आधी ‘निसर्गाचे महत्त्व’ सांगू नये. आधी त्यांच्या घरातले चालणे विचारावे.

म्हणून पहिला गृहपाठ दिला : घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्ही आयुष्यात सर्वांत लांब कधी चाललात? का चाललात? आणि त्या चालण्यात हसू येण्यासारखे काय घडले?

पुढच्या रविवारी वह्या भरून आल्या. कोणाची आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला रोज पहाटे निघत असे. कोणाचे आजोबा बैलगाडीमागून ऊसतोडीला चालत गेलेले. एका घरात १९७९ सालच्या लाँग मार्चची आठवण निघाली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली निघालेला तो मार्च. मुलांनी नामविस्ताराची तारीख, १४ जानेवारी १९९४, पाठ केलेली असते. पण त्यासाठी माणसांनी पायांनी किती वाट तुडवली, हे बहुतेकांना प्रथमच कळले.

आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे तर मजेदारच. एका आजीने नातवाला सांगितले की लग्नानंतर मिळालेल्या पहिल्या चपला झिजू नयेत म्हणून ती त्या हातात घेऊन चालायची आणि गाव जवळ आले की पायांत घालायची. पाय झिजले तरी चालतील, चपला झिजता कामा नयेत. हे ऐकून मुले पोट धरून हसली आणि मग आपोआप गप्प झाली. आम्हाला काही समजावून सांगावे लागले नाही. हसता हसता माणूस विचारात पडतो, तेव्हा तो विनोद चांगला असे समजावे.

या पायावर मग ब्रायसनची गोष्ट उभी राहिली. सामानाच्या दुकानात तो गेला, तेव्हा महागडी पाठपिशवी घेतल्यावर त्याला कळले की पावसापासून तिला वाचवणारे आच्छादन वेगळे विकत घ्यावे लागते. मुलांना यात नवल वाटले नाही. मोबाइल घेतला की चार्जर वेगळा, हे त्यांना माहीतच आहे. पहिल्याच दिवशी चढावर कॅट्झचा जीव मेटाकुटीला आला आणि त्याने पाठीवरचे खाण्याचे सामान रागारागाने दरीत भिरकावून दिले. त्यात कॉफी गाळायचे कागदही गेले. त्यांचे वजन ते काय! पण फेकायला मजा येते म्हणून तेही फेकले. मग पुढे कॉफी गाळली ती संडासात वापरायच्या कागदातून.

यावर आम्ही एक खेळ घेतला. तीन दिवस डोंगरात राहायचे तर काय काय न्याल, याची यादी करा. यादीतल्या वस्तू घरून आणा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. एकाची पिशवी अकरा किलो भरली आणि तीत प्यायचे पाणीच नव्हते. भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली, टोपी, चादर आणि काडीपेटी एवढीच यादी करणारी मुलगी सगळ्यांत शहाणी ठरली.

ब्रायसनच्या पाठीवर सुमारे अठरा किलोंचे ओझे होते आणि त्यावर त्याने पानेच्या पाने विनोद केले आहेत. तेव्हा एक मुलगा म्हणाला, “माझी आई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. तिने कधी विनोद केला नाही.” हा मुद्दा सोडून पुढे जाता येत नाही. ब्रायसनचे ओझे त्याने स्वतः उचललेले आहे आणि नको झाले तर ते खाली ठेवून हॉटेलात जायची त्याला मोकळीक आहे. म्हणून तो हसू शकतो. मुलाच्या आईला ती मोकळीक नाही. आम्ही त्याला एवढेच म्हणालो की आईला एकदा विचारून बघ, फडावर बायका हसतात की नाही. तो पुढच्या वेळी आला तो मुकादमावर केलेले तीन विनोद घेऊनच. ते इथे छापण्याजोगे नाहीत. पण वर्गाला कळले की ओझे वाहणारेही हसतात, फक्त त्यांचे हसणे पुस्तकात येत नाही. ते पुस्तकात आणायचे काम शिकलेल्या मुलांचे आहे.

याच वाटेवर ब्रायसनच्या खूप आधी चाललेली एक बाई आहे. तिची गोष्ट आम्ही मुद्दाम एका पूर्ण रविवारी सांगितली. तिचे नाव एमा गेटवुड. ओहायो राज्यातली शेतकरी बाई. अकरा लेकरांची आई. नवऱ्याने वर्षानुवर्षे मारहाण केली, शेवटी १९४१ साली घटस्फोट झाला. मुले मोठी झाली, नातवंडे आली आणि १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ‘जरा चालून येते’ एवढेच घरी सांगून ही आजी निघाली. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली कापडी पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, झोपायची भारी पिशवी नाही. सुमारे पाच महिन्यांत ती पूर्ण वाट एका दमात चालून गेली. असे करणारी ती पहिली एकटी स्त्री. पुढे तिने ही वाट आणखी दोनदा पूर्ण केली.

ही गोष्ट ऐकताना मुलींच्या चेहऱ्यांवर जे दिसले, त्यासाठी तरी हे पुस्तक शिकवावे. एकीने विचारले, “तिला कोणी अडवलं नाही?” दुसरीने परस्पर उत्तर दिले, “विचारलंच नाही तिने.”

आता विनोदाची दुसरी बाजू. ब्रायसन स्वतःवर हसतो तेव्हा गोड वाटतो. रात्री तंबूबाहेर काही तरी हलते, त्याला अस्वल वाटते आणि हातात हत्यार म्हणून काय, तर नखे कापायचे नेलकटर! इथे कोणीही हसेल. पण हाच लेखक जाड माणसांवर आणि डोंगरातल्या गरीब, अडाणी माणसांवरही विनोद करतो. तेव्हा मुलांना थांबवून विचारले पाहिजे, हा विनोद कोणाच्या जिवावर चालला आहे? आपल्या वस्तीतही कोणाला जाड्या, कोणाला लंगड्या, कोणाला काळ्या म्हणून हाका मारतात. जातीवरून, बोलीवरून आणि कपड्यांवरून झालेली टिंगल आपल्या बापजाद्यांनी सोसली आहे. तेव्हा दुबळ्यावर हसू नये, हे आपल्या मुलांना दुसऱ्या कोणापेक्षा लवकर समजायला हवे. आम्ही नियम केला : विनोद स्वतःवर करा, नाही तर आपल्यापेक्षा बळकटावर करा. मुलांनी तो लगेच आमच्यावरच वापरला आणि ते बरोबरच होते.

कॅट्झच्या दारूचा भागही आम्ही वगळला नाही. सगळ्या पुस्तकात हा माणूस दारूपासून दूर राहिलेला असतो. शेवटच्या टप्प्यात ब्रायसनला कळते की तो पुन्हा पिऊ लागला आहे. ब्रायसन चिडतो, दुखावतो, पण मित्राला सोडून देत नाही. दोघे त्यावर बोलतात. हा प्रसंग सांगताना वर्गात इतकी शांतता पसरली की बाहेरच्या शेळीची घंटा ऐकू आली. कोणाच्या घरी काय चालते हे आम्ही विचारले नाही, विचारूही नये. एवढेच सांगितले की दारू सुटलेला माणूस घसरू शकतो, घसरला म्हणून तो कायमचा वाया गेला असे नाही, आणि त्याच्या घसरण्याचा दोष लेकराचा तर कधीच नसतो. वर्ग संपल्यावर एक मुलगा सतरंज्या घड्या घालायला मागे थांबला. बोलला काहीच नाही. सगळ्या सतरंज्या मात्र त्याने एकट्याने घडी केल्या.

आता रानाकडे येऊ. विनोद करता करता ब्रायसन एकदम गंभीर होतो आणि एका झाडाची गोष्ट सांगतो. अमेरिकन चेस्टनट हे तिथल्या रानाचे मोठे झाड. त्याच्या फळांवर माणसे जगत, डुकरे जगत, अस्वले जगत, लाकूड घरांना लागे. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये या झाडांवर एक बुरशी दिसली. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर ती आलेली. वारा लागला की बुरशीचे कण पसरायचे. चाळीसेक वर्षांत जवळजवळ सगळी मोठी झाडे मेली. अंदाज चारशे कोटी झाडांचा आहे. कोणी कुऱ्हाड चालवली नाही, वणवा लागला नाही. एक बारीकशी बुरशी बाहेरून आली आणि रानाचे रूपच पालटले.

मुलांना चेस्टनट माहीत नाही, पण गाजरगवत माहीत आहे. तेही परदेशातून आलेले. १९५० च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा दिसले आणि नंतर देशभर पसरले. गावच्या पडीक जमिनीवर, शाळेच्या कुंपणाला, नाल्याच्या काठी, सगळीकडे तेच. उपटताना अंगाला खाज सुटते, जनावरे तोंड लावत नाहीत, आणि जिथे ते माजते तिथे चाऱ्याचे गवत मागे हटते. शोभेसाठी आणलेली घाणेरीही अशीच रानोमाळ पसरली. मुलांना घेऊन एका तासात शंभर पावले चाला आणि दिसेल त्या झाडाचे, गवताचे नाव आजीला विचारून लिहा. शाळेतल्या पुस्तकातून न कळणारी पर्यावरणाची गोष्ट त्या वहीत सापडते.

आपल्या दाराशीच तर गौताळा आहे. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. काही भाग आपल्या कन्नड तालुक्यात, काही जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात. बिबट्या आहे, रानडुक्कर आहे, मोर आहेत. याच डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे पैठणच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या व्यापाऱ्याने आणि एका राजवैद्याने दिलेल्या दानाचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे या घाटवाटांनी व्यापारी चालत, भिक्खू चालत, आजारी माणसे आणि वैद्यही चालत. लांब चालण्याची परंपरा आपल्याला अमेरिकेतून आणायला नको.

भगवान बुद्ध तर ऐंशीव्या वर्षापर्यंत चारिका करीत राहिले. आणि वर्षावासाचा नियम कसा आला? पावसाळ्यात भिक्खू फिरतात, हिरवे कोवळे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे, असे तथागतांनी ठरवून दिले. दर आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो हे आपल्या मुलांना माहीत असते. त्यामागे पायाखालच्या गवताचा विचार आहे, हेही त्यांना सांगावे. माणसाने कुठे चालावे याइतकेच कधी थांबावे हेही महत्त्वाचे, ही शिकवण अडीच हजार वर्षे जुनी आहे.

लांब चालणाऱ्यांत आम्ही मुलांना एक स्पर्धकही दाखवला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून जून २०१९ मध्ये एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळत गेली. शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत तो महाराष्ट्र आणि तेलंगणाचे जिल्हे पालथे घालीत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्च २०२० पर्यंत त्याचे चालणे तीन हजार किलोमीटरांच्या वर गेले. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. आणि मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ आपल्या गौताळ्यातल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. एवढ्या लांब हे वाघ का चालतात? तर नवी जागा, सावज आणि जोडीदार शोधायला. जन्माच्या रानात जागा पुरत नाही म्हणून. “म्हणजे पुण्याला कामाला जाणाऱ्या माझ्या भावासारखंच,” असे एकजण म्हणाला. यापेक्षा चांगले उत्तर आम्हालाही सुचले नसते. दोन रानांच्या मध्ये झाडोरा, नाले, पडीक जमिनी राहिल्या तरच वाघाला वाट राहते. त्यालाच तज्ज्ञ मंडळी संचारमार्ग म्हणतात.

इथे मग अवघड प्रश्न आला, तो यायलाच हवा होता. “अभयारण्य वाघासाठी राखायचं, मग सरपणाला जाणाऱ्या बाईने काय जाळायचं?” याचे उत्तर ब्रायसनच्या पुस्तकाने सुटत नाही, पण त्या वाटेच्या इतिहासात ते डोकावते. ही पायवाट व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातून जाते. ते उद्यान उभे करताना १९३० च्या दशकात डोंगरात राहणारी पाचशेच्या आसपास कुटुंबे हलवली गेली. ‘हे लोक मागासलेले, यांना डोंगर राखता येत नाही,’ असे त्या वेळी म्हटले गेले. आपल्याला ही भाषा ओळखीची आहे.

दुसऱ्या बाजूला आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबू विकला, नियम केले, आणि रानही राखले. अभयारण्यातले कायदे वेगळे आणि कडक असतात, हे मुलांना स्पष्ट सांगावे. पण रान राखायचे म्हणजे गरिबाला हाकलायचेच, असे काही ठरलेले नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगावे. आम्ही मुलांचे दोन गट केले. एक वनरक्षकाचा, एक सरपण आणणाऱ्या बायकांचा. अर्धा तास वाद झाला, मग गट उलटे केले. ज्याने बाईची बाजू मांडली त्याने आता वनरक्षकाची मांडायची. शेवटी मुलांनीच काढलेली वाट अशी : गॅसचे सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडले पाहिजे, बांधावर सरपणाची झाडे लावली पाहिजेत आणि वाळलेल्या काडीला गुन्हा समजू नये. सरकारी अहवालापेक्षा हे सोपे आहे, पण चुकीचे नाही.

एक गोष्ट राहिली. मोकळेपणाने फिरणे हा हक्क सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन आहे. ते अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातही अभ्यासाला लावले गेले. त्यात १९३४ सालची एक सहल आहे. तीसेक सहकारी वेरूळची लेणी बघायला निघाले आणि वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी उतरले. धुळीने माखलेले होते, म्हणून दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. एवढ्यावरून जमाव जमला, शिवीगाळ झाली आणि शेवटी हत्यारबंद शिपाई सोबत देऊन त्यांना किल्ला दाखवला गेला, पाण्याला हात लागू नये म्हणून. हे घडले आपल्याच जिल्ह्यात. आम्ही दोन्ही प्रवास शेजारी शेजारी ठेवले. ब्रायसनला भीती अस्वलाची. बाबासाहेबांच्या मंडळींना भीती माणसांची. मुलांना विचारले, पहिल्याला हसता येते आणि दुसऱ्यांना का नाही? त्यावर लिहिलेली उत्तरे आम्ही जपून ठेवली आहेत.

म्हणूनच आम्हाला वाटते की आपल्या मुलामुलींनी गौताळ्यात जावे, पितळखोरा बघावा, अंतूरचा किल्ला चढावा, आणि हसत चढावा. ज्या वाटांवर आपल्या माणसांना मान खाली घालून चालावे लागले, तिथे आपली लेकरे हौसेने चालतात, हीही मिळवलेली गोष्ट आहे.

ज्यांना घरी किंवा विहारात हा उपक्रम करायचा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. सहा बैठका पुरतात : घरातले चालणे, ओझे, एमा आजी, हसावे कोणावर, झाडाची गोष्ट आणि रान कोणाचे. सातव्या वेळी प्रत्यक्ष चालायला न्यावे. वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी, दोन मोठी माणसे सोबत असावीत, सकाळी लवकर निघून ऊन चढायच्या आत परतावे. पावसाळ्यात लेण्यांजवळचे दगड निसरडे असतात, तेव्हा लहानांना धबधब्याच्या काठी जाऊ देऊ नये. बिबट्याच्या भागात मुलांनी एकटे मागे राहू नये. नेलेले प्लास्टिक मोजून न्यावे आणि मोजून परत आणावे. कॅट्झसारखे दरीत भिरकावू नये. आल्यावर प्रत्येकाने दहा ओळी लिहाव्यात, त्यांत एक ओळ स्वतःवर हसणारी, एक ओळ एखाद्या झाडाविषयी आणि एक ओळ सोबत्याविषयी असावी.

मुलांना शेवट फार आवडला, तो सांगून थांबतो. ब्रायसन आणि कॅट्झ यांनी पूर्ण वाट चाललीच नाही. काही आठवडे चालल्यावर एका गावात त्यांनी भिंतीवर पूर्ण वाटेचा उंच नकाशा पाहिला. त्यात त्यांचे चालणे जेमतेम दोन बोटे भरले. मग त्यांनी मधले टप्पे सोडून दिले. शेवटच्या टप्प्यात कॅट्झ रानात हरवला, सापडला, आणि दोघांनी घरी जायचे ठरवले. सगळे मिळून ब्रायसन सुमारे चौदाशे किलोमीटर चालला. त्याने स्वतःच हिशोब केला आहे, साडेएकोणचाळीस टक्के.

“मग पासच झाला की!” मागून आवाज आला. “दहावीला पस्तीसच लागतात.”

वाचकांनी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सर्वांत लांब चालण्याची आठवण आम्हाला जरूर लिहून पाठवावी. कशासाठी चालले, पायांत काय होते आणि वाटेत हसू कशाचे आले, एवढे लिहिले तरी पुरे. निवडक पत्रे याच पानावर छापू. जय भीम.